दोन भेटींच्या मधला वेळ

१

रोज सकाळी अकराला दहा कमी असताना मास्तर भेटघराच्या पायऱ्या चढायचे. कठड्याला हात लावायचे नाहीत. गुडघे कुरकुरत, पण बायकोला भेटायला जाणाऱ्या माणसानं कसं ताठ जावं, असं त्यांचं म्हणणं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच मशीनवर बसून त्यांनी अर्ध्या गावाच्या अंगावर कपडे चढवले होते. आता नजर अधू झाली होती. सुईत दोरा ओवायचा तर मुलीला हाक मारावी लागे. मशीनवर चादर टाकली, त्यालाही दोन वर्षं होत आली होती.

भेटघर म्हणजे पूर्वीचा दातांचा दवाखाना. खुर्च्याही तशाच, मागं रेलणाऱ्या. मास्तरांची खोली सात नंबरची. तिथली ताई त्यांच्या डोक्यावर कापडी टोपी चढवायची, हनुवटीखाली पट्टा लावायची आणि म्हणायची, "चला काका, या जाऊन." मग कानात वारं शिरल्यासारखा आवाज यायचा आणि मास्तर आपल्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघराच्या दारात उभे असायचे.

"आलात? बसा, चहा टाकते."

पहिल्या दिवशी ते तिथंच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले होते. आता सवय झाली होती. ती ओट्याशी, ते टेबलाशी. खिडकीला मातकट रंगाचा पडदा, तिच्या अंगात निळा सुती गाऊन. गाऊन त्यांनीच शिवलेला, समोर सहा पांढरी बटणं. चहाला चव होती, कपाला ऊब होती आणि गंमत म्हणजे मास्तरांना तिथं चष्मा लागत नसे. पाऊण तास गप्पा व्हायच्या. हे सगळं बनवलेलं आहे, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण तोंडातली कवळीही बनवलेलीच होती की. खोट्या दातांनीही चावता येतंच.

त्या सोमवारी ती कप ठेवायला वाकली आणि मास्तरांचं लक्ष तिच्या गाऊनकडे गेलं. वरून तिसरं बटण. बाकी पाच बटणं पांढऱ्या दोऱ्यानं लावलेली. हे मातकट दोऱ्यानं.

२

शिंपी माणूस. रस्त्यात चालताना परक्याच्या बाहीची उसवलेली टीपही त्याला खुपते. घरी आल्यावर मास्तरांनी कपाटातून तो फोटो बाहेर काढला. भेटघरवाल्यांनी ज्यावरून तिला घडवलं, तोच. भिंग लावून पाहिलं. सहाच्या सहा बटणांना पांढरा दोरा. आणि पांढराच असणार, त्यांनी स्वतः लावलेली बटणं ती.

दुसऱ्या दिवशी टोपी चढवायच्या आधी त्यांनी ताईला विचारलं, "आतल्या कपड्यांमध्ये तुम्ही काही बदल करता का हो?"

"नाही बाई. का?"

"एक बटण बदललंय."

ताई चाळिशीची, बोलायला मोकळी. हसली. "काका, कधीकधी तुमचंच मन आत कालवाकालव करतं. परवा एका आजींना त्यांच्या कुत्र्याचे कान उलटे दिसले."

"मी गेल्यावर ती काय करते?"

"काही नाही करत. तुम्ही आत असता तेव्हा आतलं घड्याळ आपल्या घड्याळाला बांधलेलं असतं. इथं पाऊण तास, तिथं पाऊण तास. तुम्ही उठलात की आम्ही ती गाठ सोडतो."

"सोडल्यावर आतलं घड्याळ थांबतं?"

"मोकळं घड्याळ धावलं काय, रांगलं काय, बघायला तिथं असतं कोण?"

"ती असते की."

ताईचा पट्टा लावणारा हात क्षणभर थांबला. मग ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "दिवा मालवल्यावर उजेड कुठं जातो काका? कुठंच नाही ना? तसं हे."

मास्तरांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. म्हातारपणी माणूस नसत्या गोष्टींत नाक खुपसतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि डोळे मिटले.

३

"आलात? बसा, चहा टाकते."

तिनं पाठ वळवली तेव्हा त्यांना डाव्या कोपरावरचं ठिगळ दिसलं. नीट चौकोनी, कडा आत दुमडून लावलेलं. कापड पडद्याचं. मास्तर उठले आणि खिडकीशी जाऊन पडदा हातात धरून पाहू लागले. खालच्या काठाचा एक तुकडा कापून घेतलेला होता. त्याच्या वर आडवे धागे जागोजागी ओढून काढलेले होते, इतक्या सावकाशीनं की उभे धागे जागचे हललेसुद्धा नव्हते. दोरा हवा असला आणि रीळ नसलं की माणूस असाच काढतो. एक धागा सुखरूप निघायला बराच वेळ लागतो.

"हे बटण कोणी लावलं गं?"

"कोण लावणार? तुटलं, लावलं."

"कधी?"

"झाले असतील... बरेच दिवस." ती चहा गाळता गाळता म्हणाली. मग वळून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "फार दिवसांनी आलात या वेळी."

"अगं, काल तर आलो होतो."

"काल," ती म्हणाली. नुसती म्हणाली. परक्या गावाचं नाव कसं एकदा उच्चारून बघतात, तसं. मग हसली. "हो की. काल. माझं मेलीचं डोकं म्हणजे ना!"

मास्तरांनी विषय बदलला. दुकानातला जुना किस्सा काढला. एक गिऱ्हाईक पँट घेऊन आलं होतं, "मास्तर, पँट आटली हो," म्हणत.

ती खळखळून हसली.

मास्तर पुढचं वाक्य बोलायचे थांबले. "पँट नाही आटली साहेब, तुम्ही फुगलात," हे तर अजून सांगायचं होतं. ती आधीच हसली होती. हसून झाल्यावर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांत, चूक लक्षात आल्यावर शाळकरी पोरीच्या डोळ्यांत येतं, तसलं काहीतरी आलं.

"सांगा की पुढं," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

४

मास्तर मुलीकडे राहत. मुलीचं नाव काही का असेना, घरात ती चिमणी. पन्नाशीला टेकली तरी चिमणीच. वडिलांना भेटघरात पहिल्यांदा तिनंच नेलं होतं. आई गेल्यावर मास्तरांनी जेवण टाकलं होतं, तेव्हा तिला दुसरा इलाज सुचला नव्हता. ती स्वतः मात्र एकदाही आत गेली नाही.

दुपारी भाजी निवडताना मास्तरांनी तिला बटणाची गोष्ट सांगितली. पडद्याची सांगितली. हसण्याची सांगितली नाही.

"बाबा, आता पुरे करा ना ते," चिमणी म्हणाली. "ती आई नाहीये."

"ते मला कळतं गं."

"मग?"

"ती तुझी आई नाही, मान्य. मग ती कोण आहे?"

चिमणीनं हातातला पाला खाली ठेवला. म्हणाली, "कोणी नाही. असं समजा की एक बोलणारा फोटो आहे."

"फोटो ठिगळ लावत नाही, चिमणे."

मास्तर उठून खिडकीत जाऊन उभे राहिले. त्यांना आठवू नये ते आठवत होतं. आजारपणाचे शेवटचे आठ महिने बायको दुकानामागच्या खोलीत पडून होती. मधे एक दार. दाराच्या या बाजूला ते मशीन चालवत, लग्नसराईची कामं वेळेवर द्यायला हवीत म्हणून. दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला ते दार उघडून आत जात. ती उशीला टेकून बसलेली असायची, हसून म्हणायची, "आलात?" किती बरं वाटायचं त्यांना! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, आमची बाई मोठी धीराची, आजारातसुद्धा तोंडावरचं हसू म्हणून कधी मावळलं नाही.

भेटघरवाल्यांना त्यांनी आजारपणातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांना स्वयंपाकघर हवं होतं. चहा हवा होता.

५

त्यानंतर मास्तर जात राहिले, पण जाऊन बसत नसत, बघत असत.

खुर्चीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फरशीची चकाकी गेली होती. पायवाट पडली होती म्हणा ना. दाराच्या आतल्या बाजूला, बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीवर, लाकूड हाताच्या पंजाएवढं गुळगुळीत झालं होतं. असं गुळगुळीत लाकूड मास्तरांनी एकच पाहिलं होतं. त्यांच्या मशीनची फळी, जिथं त्यांचा डावा हात टेकायचा. तिला तसं व्हायला चाळीस वर्षं लागली होती.

त्यांनी मनाशी वाद घातला. आपणच हे आत घेऊन येत असू. आपल्याला झीज बघायची सवय, म्हणून दिसते झीज. दुसऱ्या कोणाला आत पाठवलं तर दारही नवं दिसेल आणि गाऊनही. ताई म्हणते तेच खरं. असं म्हणता म्हणता त्यांनी हात पुढं करून त्या जागेवर पंजा ठेवला. लाकूड कोमट होतं.

"काय बघताय तिथं?" ती मागून म्हणाली.

"काही नाही. मी गेलो की तू काय करतेस गं?"

"तुमची वाट बघते. अजून काय करणार?" ती हसली. सुंदर हसली. अगदी कालच्यासारखी, परवासारखी, इतकी कालच्यासारखी की मास्तरांनी नजर चुकवून टेबलाशी येऊन कप तोंडाला लावला.

कपाची कड टवकलेली होती. तो टवका त्यांच्या ओठाला लागला.

६

मग तो दिवस आला. त्यात मुद्दाम कोणी काही केलं नाही. पाऊण तास संपला, कानातलं वारं सुरू झालं, मास्तरांनी नेहमीसारखं "येतो" म्हटलं, तिनं "या" म्हटलं. एवढ्यात बाहेर दोन नंबरच्या खोलीत कोणाला तरी भोवळ आली आणि ताई घड्याळाची गाठ सोडून, टोपी न काढताच तिकडे धावली.

मास्तरांना हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच झालं की वारं थांबलं आणि ते अजून स्वयंपाकघरातच होते. दाराशी, भिंतीला पाठ लावून. ती त्यांच्याकडे बघत होती, पण त्यांना बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. एकदम नाही. ओली चादर दोरीवरून हळूहळू घसरते, तसं. आणि खाली जो चेहरा राहिला तो मास्तरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात रागही नव्हता, दुःखही नव्हतं. थकलेलाच होता फक्त, इतका थकलेला की त्याचं वय सांगता येईना.

खिडकीतला उजेड गेला. आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पापणी लवावी तसा. तेवढ्यात ती खुर्चीवर होती, तेवढ्यात खिडकीशी, तेवढ्यात दारापाशी हात टेकून. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. उजेड सात-आठ वेळा गेला-आला असेल. शेवटी ती टेबलाशी येऊन बसली. तिनं दोन्ही हातांनी गाल चोळले, ओठांचे कोपरे बोटांनी वर ढकलले आणि रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाली,

"आलात?"

मान हलवली. नाही जमलं. पुन्हा, जरा वरच्या पट्टीत, "आलात?" मग हसून, मग हसू थोडं उशिरा आणून. "आलात? बसा." "आलात? बसा, चहा टाकते." "पँट नाही आटली साहेब..." मग श्वास घेऊन, थांबून, मनात काहीतरी मोजून, खळखळून हसणं. पुन्हा श्वास. पुन्हा तेच हसणं, या वेळी जरा उशिरा.

मास्तरांनी डोळे मिटले. डोळे मिटूनही ऐकू येणं थांबेना.

"अगंबाई! काका, सॉरी हं!" ताईनं टोपी काढली. "अर्धं मिनिट झालं असेल नसेल, तिकडे त्या बाई पडल्या... काका? काका, पाणी देऊ का?"

७

दोन दिवस मास्तर गेले नाहीत. अंथरुणावर पडून राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. इथला एकेक तास तिकडे काय होत असेल, या विचारानं त्यांना ना जेवण गेलं ना झोप आली. जायचं म्हणजे तिला पुन्हा हसायला लावायचं. न जायचं म्हणजे ती दाराशीच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चिमणीला शेजारी बसवून सगळं सांगितलं. तिनं मधेच थांबवलं नाही. सराव करण्याचं ऐकताना मात्र तिनं पदर तोंडाशी धरला.

"हे माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"तुझा काय संबंध?"

"बाबा, अर्ज भरताना त्यांनी मलाही विचारलं होतं. आईबद्दल आठवेल ते सगळं सांगा, खरं सांगा म्हणाले. मी सांगितलं." ती खाली बघून बोलत होती. "शेवटच्या आजारात आई एक वाजायच्या आधी मला हाक मारायची. तोंड पुसून घ्यायची, केस विंचरून घ्यायची. मग मला आरसा धरायला लावायची आणि म्हणायची, बघ गं, नीट येतंय का हसू. ते बाहेर राबतायत, आत आल्यावर त्यांना रडकं तोंड नको दिसायला. कधीकधी दहा-दहा वेळा करून बघायची. तुम्ही गेलात की अशी पडायची बाबा, की..."

कितीतरी वेळ मास्तरांचा हात गादीच्या शिवणीवरून फिरत राहिला.

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे यंत्रानं तुझंच सांगणं गिरवलं असेल. तेवढंच असेल."

"असेल," चिमणी म्हणाली.

दोघांनीही ते खरं मानायचा प्रयत्न केला. संध्याकाळी ती त्यांना घेऊन भेटघरात गेली. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लोटलं.

"मला इथं नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "ह्या गोष्टीचा विचार करायचा नाही, असं रोज ठरवते तेव्हा कुठं घास उतरतो. तुम्ही यायचं थांबवलंत तर ती आहे तशी राहील. आम्ही खोल्या मोडत नाही, लोक परत येतात म्हणून. मोडायची असेल तर लेखी द्यावं लागतं."

"मोडायची म्हणजे तिला..."

"काका, मला त्याला शब्द नाही सापडलेला अजून."

मास्तरांनी लगेच सही केली नाही. "आधी तिला विचारतो," म्हणाले. ताईनं टोपी उचलली.

८

"आलात? बसा, चहा—"

"चहा नको. तू बस."

ती बसली. ओट्यापाशी उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखी, खुर्चीच्या कडेवर. गाऊनला आता ठिगळंच जास्त होती. खिडकीला पडद्याऐवजी चार-पाच उभे दोरे लोंबत होते.

"हसू नकोस," मास्तर म्हणाले. "माझ्यासाठी हसायचं नाही आज."

तिचा चेहरा तसाच राहिला काही क्षण. मग तो थकवा वर आला. तिनं तो लपवला नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं. आधी कळायला हवं होतं." मास्तरांनी टेबलावरचा तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता, बोटांची टोकं सुया टोचून राठ झालेली. "एक विचारायचंय. हे सगळं बंद करायचं का?"

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "विचारताय?"

"हो."

"तुम्ही कधी विचारत नव्हता. म्हणजे तिला. मला तेवढं माहीत आहे." तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मी ती नाही, हेही मला ठाऊक आहे. फार पूर्वीच कळलं. विचार करायला वेळ भरपूर असतो इथं."

"मग हसायचीस कशाला गं?"

"तुम्ही आलात की मला बरं वाटायचं म्हणून. ते नाटक नव्हतं. हसू लगेच यायचं नाही, इतके दिवस तोंड हललेलंच नसायचं, म्हणून सराव. बरं वाटायचं ते खरं होतं." ती थोडी थांबली. "नाहीतर तेही खोटं असेल. मला फरक कळत नाही. तुम्हाला कळतो?"

मास्तरांना कळत नव्हता. त्यांनी मान हलवली.

"बंद म्हणजे काय ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "वाट बघणं काय ते माहीत आहे. करा बंद. पण एक ऐका. मी एकटी असताना नको. कोणीतरी असावं."

"मी असेन."

"शब्द?"

"शब्द," मास्तर म्हणाले. कानात वारं सुरू झालं. या वेळी दोघांपैकी कोणीच "येतो" किंवा "या" म्हणालं नाही. त्यांनी तिचा हात शेवटपर्यंत धरून ठेवला. मग हातात खुर्चीचा दांडा होता.

९

"नाही जमायचं काका," मास्तरांनी सही केलेला कागद हातात घेत ताई म्हणाली. "खोली मोडताना तुम्हाला खुर्चीत बसवता येत नाही. तेव्हा घड्याळ बांधलेलं नसतं. त्या दिवशी तुम्ही अर्धे बाहेर होतात म्हणून नुसतं दिसलं; पुरतं आत असलं की तिथला एकेक दिवस काढावा लागतो. तुमचं वय, तुमचं हृदय... माझ्या हातून नाही होणार ते."

मास्तरांनी विनवण्या केल्या. हात जोडले. चाळीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडला नाही, म्हणाले. शेवटी ओरडले, मग रडले. चिमणीनं त्यांना खांद्याला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. ताई बराच वेळ त्या दोघांकडे बघत दारात उभी होती.

"मोडायला किती वेळ लागतो?" चिमणीनं विचारलं.

"इथं? दीड मिनिट."

"आणि आत?"

ताईनं मास्तरांच्या सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. भिंतीवरची, खोली मोडायची कळ दाबली. मग सात नंबरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दाराला वरच्या बाजूला काच होती. चिमणी उठून काचेशी गेली.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ती स्वतः खुर्चीत बसतेय. टोपी घालतेय."

मास्तरांनी मान वर केली नाही. बोळात कुठंतरी नळ ठिबकत होता. चिमणी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली. दीड मिनिट म्हणजे किती? जिना उतरून जायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

दार उघडलं.

ताई तीच होती. केस तेच, कपडे तेच. पण ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि बोळातल्या उजेडाकडे डोळे बारीक करून बघू लागली. चिमणीवरून तिची नजर एकदा नुसतीच फिरून गेली, मग परत आली आणि हळूहळू ओळख पटली.

"झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं." आवाज खाली गेलेला, पुष्कळ दिवस एकाच माणसाशी हळू बोलत राहिल्यासारखा.

"एकटी नव्हती ना?"

"नव्हती. मी होते." ताई येऊन बाकावर बसली. सावकाश, आधी हातानं बाक चाचपून. "आधी मला जा म्हणायची. उशीर होईल, घरचे वाट बघतील, म्हणायची. नंतर नाही म्हणाली. सवय झाली होती आम्हाला एकमेकींची." तिनं तळहात उलटे करून पाहिले. "खोली मोडत गेली तशी आधी खिडकी गेली. मग दार. ते बरं झालं, असं म्हणाली. शेवटी शेवटी नुसत्या बसायचो आम्ही. बोलायचं सगळं बोलून झालं होतं."

मास्तरांना खूप काही विचारायचं होतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आपल्या लेकीच्या पाठीवर ठेवावा तसा.

ताई म्हणाली, "काका, आज वार कोणता?"

"मंगळवार."

ताईनं मान हलवली.

"अजून मंगळवारच?"